मनावर घेऊ नकोस

मनाच्या आरोग्याच्या प्रशिक्षणात पहिल्याच शनिवारी शिकवणाऱ्या ताईंनी प्रत्येकाच्या हातात एक कोरी चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "समोर कुणी खचून बसलंय, रडतंय. तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कुठलं निघतं? फार विचार करू नका, लिहून टाका." मी लिहिलं, 'मनावर घेऊ नकोस.' चिठ्ठ्या फळ्यावर लागल्या. आम्ही वीस-बावीस जण होतो. कुणी 'दुर्लक्ष कर' लिहिलं होतं, कुणी 'होईल सगळं नीट', एका काकांनी नुसतंच 'चालायचंच'. माझं वाक्य मात्र सात-आठ चिठ्ठ्यांवर होतं, कुठे 'नकोस', कुठे 'नका'.

ताईंनी त्यावर काही भाष्य केलं नाही. चिठ्ठ्या काढल्याही नाहीत. दहा शनिवार त्या तिथेच होत्या. कडा वळल्या, एखाददुसरी गळून पडली, कुणीतरी ती परत चिकटवली.

मी पुण्यात विमाननगरच्या बाजूला एका सोसायटीत एकवीस वर्षं राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मॅनेजिंग कमिटीवर आले आणि २०२१मध्ये सेक्रेटरी झाले. आमच्याकडे भाडेकरू पुष्कळ. आयटीतली मुलं, कॉलेजची मुलं, विमानतळावर कामाला असणारी. तीन फ्लॅटमध्ये मणिपूरची माणसं. त्यांतल्या एकात तीन मुली राहायच्या, तिघीही परिचारिका. जिच्यामुळे मी त्या प्रशिक्षणाला गेले ती त्यांतलीच एक. तिने हे लिहायला परवानगी दिली आहे. फक्त नाव नको, आणि ती मणिपुरातल्या कुठल्या समाजाची तेही नको, असं म्हणाली. समाज का नको, ते मला फार उशिरा कळलं.

३ मे २०२३ला मणिपुरात हिंसाचार पेटला. घरं जळली, हजारो माणसं छावण्यांत गेली, इंटरनेट बंद झालं ते महिनोन्महिने. त्या महिन्यातली एक रात्र. दीड वाजला असेल. पाण्याची टाकी भरून वाहत असल्याचा आवाज आला म्हणून मी वर निघाले, तर चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर ती बसलेली. ड्यूटीचे कपडे अंगावर तसेच, हातात फोन. तिथल्या खिडकीपाशी रेंज बरी मिळते. घरी फोन लागतोय का, ते ती बघत होती. मी दोन पायऱ्या खाली टेकले. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणाले, "सब ठीक हो जाएगा बेटा, मन पे मत ले."

तिने मान हलवली. "जी आंटी. गुड नाइट." आणि उठून गेली.

तिचं ते उठणं माझ्या मनातून जाईना. खिडकीवरचं काम झाल्यावर माणूस उठतो ना, तशी ती उठली. बँकेत मी हजारदा ते पाहिलं होतं. सही झाली, पावती मिळाली, निघा. ती बोलायला बसली होती का नव्हती, मला माहीत नाही. पण माझ्या वाक्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढं मला तिथेच कळलं.

माझी भाची मानसोपचार शिकते. तिने या प्रशिक्षणाबद्दल सांगितलं. एका शाळेच्या सभागृहात, दहा शनिवार, दहा ते एक, फी नाही. शिकवणारे दोघं. ताई मानसशास्त्रज्ञ, आणि त्यांच्या जोडीला नागालँडचा एक तरुण समुपदेशक, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणायला लागलो. चौदा वर्षं पुण्यात काढलेला, मराठी स्वच्छ.

सकाळचा भाग मनाच्या आरोग्याचा होता. ऐकायचं कसं, धोका ओळखायचा कसा, पुढे कुणाकडे पाठवायचं. चहानंतर वंशभेद. मी पहिल्या भागासाठी आले होते आणि दुसऱ्याचं नाव वाचून मला राग आला होता, हे खरं सांगते. वंशभेद म्हणजे अमेरिका, दक्षिण आफ्रिका, गोरे-काळे. मी कुणाला कधी वाईट बोलले नाही, आमच्या सोसायटीत त्या मुलींना घर मिळालं, मग हा पाठ मला कशाला? मी ते बोलून दाखवलं. ताई म्हणाल्या, "एखादीच्या पायात रोज काटा मोडतोय. तुम्ही रोज काटा काढून पायाला हळद लावणार. छानच आहे. पण ती ज्या वाटेने येते ती वाट तुमच्याच दारावरून जाते, तिकडेही एकदा बघाल ना?" मी गप्प बसले, पण पटलं नव्हतं.

सकाळच्या भागाबद्दलही मला धास्ती होती. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईने कुणाच्या मनात हात घालावा का? तेव्हा ताईंनी दोन गोष्टी सांगितल्या. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. दुसरी गोष्ट गोव्याची. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी समुपदेशन केलं. डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्राची पदवी नाही. तीन महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीच्या उपचारांबरोबर हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते आणि न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हा अभ्यास २०१७मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

मला मात्र झिंबाब्वेची गोष्ट जास्त भिडली. डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ. हरारेमध्ये त्यांनी २००६मध्ये १४ आज्यांना शिकवून दवाखान्यांच्या आवारातल्या बाकांवर बसवलं. ज्याला बोलायचं असेल त्याने बाकावर येऊन आजीशी बोलायचं. तिथे कुणी येऊन 'मला नैराश्य आहे' असं म्हणत नाही. शोना भाषेत शब्द आहे, कुफुंगिसिसा. म्हणजे फार विचार करणं. हे ऐकलं आणि मला माझी आई आठवली. शेवटच्या दोन-तीन वर्षांत ती म्हणायची, "डोक्यात सारखं जातं फिरतं गं." आम्ही भावंडं तिला म्हणायचो, नको गं विचार करत जाऊस. तिला कुणी एकदाही विचारलं नाही, जात्यात काय आहे?

तिसऱ्या शनिवारी चहानंतर दादाने एक प्रश्नावली वाटली. डेव्हिड विल्यम्स या अमेरिकेतल्या अभ्यासकाने सहकाऱ्यांबरोबर १९९७मध्ये मांडलेली, रोजच्या जगण्यातला भेदभाव मोजण्यासाठी. प्रश्न नऊ आणि अगदी साधे. लोक तुमच्याशी इतरांपेक्षा कमी सौजन्याने वागतात का? दुकानात, हॉटेलात तुम्हाला इतरांपेक्षा वाईट सेवा मिळते का? तुम्हाला अक्कल कमी आहे असं धरून चालतात का? तुम्ही लबाड आहात असं? तुम्हाला बिचकल्यासारखं वागतात का? नावं ठेवतात, धमकावतात का? हो-नाही लिहायचं नव्हतं. किती वेळा, ते लिहायचं होतं. जवळजवळ रोज, आठवड्यातून एकदा तरी, महिन्यातून काही वेळा, अशी उतरती भाजणी थेट 'कधीच नाही'पर्यंत.

मी बाई म्हणून दोन ठिकाणी 'वर्षातून काही वेळा' लिहिलं. बाकी सगळं 'कधीच नाही'. पाच मिनिटांत झालं. माझ्या शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका बसले होते, 'चालायचंच' लिहिणारे तेच. त्यांचं पेन प्रत्येक प्रश्नावर थांबत होतं. मग दादाने स्वतःचा कागद वाचून दाखवला. नऊपैकी पाच ठिकाणी 'जवळजवळ रोज'. "उदाहरण सांगतो," तो म्हणाला. "रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतले साहेब, सगळे म्हणतात, 'अरे वा, तू मराठी बोलतोस!' प्रेमाने म्हणतात. चौदा वर्षं म्हणतायत. पण त्या कौतुकाच्या पोटात काय आहे? तू इथला नाहीस. मी कुणाला रागावूही शकत नाही, कारण समोरचा हसतोय."

अशा टोचण्यांना चेस्टर पिअर्स या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञाने १९७०च्या सुमाराला इंग्रजीत वेगळं नाव दिलं, 'मायक्रोअ‍ॅग्रेशन'. आमच्या वर्गात आम्ही त्यांना टोचणीच म्हणायला लागलो. एका टोचणीने काही होत नाही आणि तक्रार केली तर 'एवढंसं तर झालं' असं ऐकावं लागतं. पण शरीर मोजत असतं. झोप उडते, रक्तदाब वाढतो, माणूस बाहेर पडण्याआधी दहादा विचार करतो, हळूहळू उदास होतो. जगात ठिकठिकाणी झालेल्या अभ्यासांत हा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे.

मग काकांनी आपला कागद वाचला. त्यांची उत्तरं दादाच्या उत्तरांच्या जवळ जात होती. "नोकरीत असताना," ते म्हणाले, "आडनाव सांगेपर्यंत तरी मला मुभा असायची. आडनाव सांगितलं की समोरच्याचा पाण्याचा ग्लास तिथेच थांबायचा. या पोराला तेवढीही मुभा नाही. चेहराच आधी पोचतो." थोडं थांबून त्यांनी जोतीराव फुल्यांची आठवण काढली. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. "दीडशे वर्षांपूर्वी याच पुण्यात बसलेल्या माणसाला तिकडचं दुःख आपल्या दुःखाचं भावंड वाटलं होतं," काका म्हणाले. मी शाळेपासून जोतीरावांचा फोटो बघत आले आहे. ही अर्पणपत्रिका मला माहीत नव्हती. वंशभेद म्हणजे परक्या देशातली गोष्ट, हा माझा समज त्या दिवशी संपला.

पुढच्या शनिवारी देशातल्या घटना आल्या. २०१२च्या ऑगस्टमध्ये अफवा आणि धमक्यांमुळे बेंगळुरू, पुणे, चेन्नई सोडून ईशान्येकडचे हजारो लोक रेल्वेने गावी पळाले. मी तेव्हाही इथेच राहत होते. पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. २०१४च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून टिंगल झाली, भांडण झालं, त्याला मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतर केंद्राने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिचा अहवाल आला. वांशिक अपमानाला शिक्षा व्हावी म्हणून भारतीय दंडविधानात दोन नवी कलमं घाला, अशी तिची शिफारस होती. ती कलमं काही आली नाहीत. २०२०मध्ये करोना आला आणि रस्त्यात, बाजारात ईशान्येकडच्या लोकांना 'कोरोना' म्हणून हाका मारणं सुरू झालं. इतकं की केंद्रीय गृहमंत्रालयाला मार्चमध्ये राज्यांना याबद्दल पत्र पाठवावं लागलं. मे महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतल्या मणिपुरी परिचारिका शेकड्यांनी राजीनामे देऊन घरी गेल्या. लोकांचं हे वागणं हेही एक कारण असल्याचं त्यांतल्या काहींनी सांगितलं.

मी तिथे बसले आणि हात थंड पडले. कारण मार्च २०२०मधली एक संध्याकाळ मला आठवली. ती ड्यूटीवरून येत होती. पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांतला एक ओरडला, "ए कोरोना आली, पळा पळा!" मी लिफ्टपाशी उभी होते. मुलांना मी काहीच बोलले नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "मनावर घेऊ नकोस गं. पोरं आहेत."

समोर फळ्यावर माझी चिठ्ठी होती.

ऐकण्याचा सराव सगळ्यांत अवघड गेला. दादा दुखावलेला माणूस व्हायचा आणि आम्ही एकेकाने समोर बसायचं. माझी पाळी आली. तो म्हणाला, "घरमालकाने सांगितलं, तुमच्या लोकांना घर देत नाही." मी लगेच, "अरे, दुसरं बघू आपण, माझ्या ओळखीचे एक आहेत—" ताईंनी टाळी वाजवून थांबवलं. एक मिनिटही झालं नव्हतं. पुन्हा. या वेळी मी म्हणाले, "त्यांचा तसा हेतू नसेल." पुन्हा टाळी. "हे सगळ्यांत वाईट," ताई म्हणाल्या. "तो जखम दाखवतोय आणि तुम्ही मारणाऱ्याची बाजू समजावताय." तिसऱ्या वेळी मी गप्प बसले. तोही गप्प बसला. मग मी विचारलं, "हे ऐकून तुला काय झालं?" आणि त्या खोट्या खेळात दादाचे डोळे खरे भरून आले. मी पुढे काहीच विचारलं नाही. ताईंनी टाळी वाजवली नाही.

एक गोष्ट त्यांनी घोटून घेतली. जीव नकोसा झाला आहे असं वाटलं, तर आडून आडून नाही, सरळ विचारायचं, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला सुटल्यासारखं होतं. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडायचं नाही आणि स्वतः डॉक्टरही व्हायचं नाही. केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, अनेक भाषांत. तो नंबर आम्ही सगळ्यांनी तिथल्या तिथे फोनमध्ये टाकला.

सातव्या आठवड्यात मी घाई केली. त्या मुलींच्या दारावर गेले, शेवचिवड्याची पिशवी घेऊन, आणि म्हणाले, "कुछ भी प्रॉब्लेम हो तो मुझे बताना." "सब ठीक है आंटी. थँक्यू." दार बंद. पुढच्या शनिवारी मी तक्रारीच्या सुरात हे सांगितलं, तर दादाने विचारलं, "काकू, तिने बोलावं म्हणून तुमच्या सोसायटीत या सात आठवड्यांत काय बदललं?"

काही नाही. काहीच नाही.

मी गेटवर गेले आणि वॉचमनदादांकडून जुनी रजिस्टरं मागून घेतली. निळ्या पुठ्ठ्याच्या लांबट वह्या. दिनांक, वेळ, नाव, फ्लॅट, कोणाकडे, सही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. त्या घेऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पानं उलटत गेले. २०१९पासून तिचं नाव रोज होतं. स्वतःच्या घरी यायला ती रोज सही करत होती. सुरुवातीच्या पानांवर नाव पूर्ण, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, एकेक अक्षर सुटं, पुढे मोबाईल नंबरसुद्धा. 'कोणाकडे' या रकान्यात 'सेल्फ'. रोज, 'सेल्फ'. सहा महिन्यांनी नंबर गेला. मग आडनाव गेलं. २०२१मध्ये नुसती आद्याक्षरं, आणि 'सेल्फ'च्या जागी वरच्यासारखंच अशा दोन टिकल्या. २०२२च्या शेवटाला एक तिरकी रेघ. रोज एक तिरकी रेघ. मणिपूरच्या तिन्ही फ्लॅटच्या नोंदी अशाच. नागपूरची मुलं, केरळची मुलं, नंतर राहायला आलेली, त्यांचं नाव कुठेच नाही.

प्रत्येक महिन्याच्या शेवटी वही तपासल्याची सेक्रेटरीची सही असते. २०२१पासून ती माझी होती. तिच्या रेघेखाली माझं पूर्ण नाव, गोल शिक्क्यासकट.

वॉचमनदादांना विचारलं. म्हणाले, "मॅडम, जुन्या साहेबांनी सांगितलेलं, चायनीज पोरींची एंट्री घेत जा. नंतर कुणी बंद कर म्हणालं नाही." त्यांची काय चूक. मी पुढे दप्तर काढलं, तर आणखी सापडलं. या तीन फ्लॅटच्या भाडेकरूंकडून सोसायटीने दहा दहा हजार अनामत घेतली होती, 'शिस्तभंगापोटी'. बाकी कुणाकडून नाही. २००१च्या सरकारी आदेशानुसार भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच जादा शुल्क घेऊ शकते. भाडेकरूंच्या अनामतीला कशाचाच आधार नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर खाती तपासली तिच्या नाकाखाली हे चाललं होतं. नजरेला ते खटकलं नाही, कारण माझा रकाना जवळजवळ सगळा 'कधीच नाही'चा होता.

कमिटीच्या बैठकीत चेअरमनसाहेब म्हणाले, सुरक्षेचा प्रश्न आहे. एक जण म्हणाले, चेहरे सारखे दिसतात, वॉचमनला ओळखू येत नाहीत. मी वह्या टेबलावर उघडून ठेवल्या, चार वर्षांतलं एकेक पान. कुणी बघितलं, कुणी चष्मा पुसत बसलं. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्याबरोबर वंश हा शब्दही लिहिलेला आहे, हे मी सांगितलं. आवाज कापत होता माझा. चेअरमनसाहेब समजुतीने म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे फारच मनावर घेतलंय."

मी म्हणाले, "हो. घेतलंय."

सर्वसाधारण सभेत दोन तास वाद झाला. रजिस्टर फक्त पाहुण्यांसाठी राहील, हे मंजूर झालं. अनामत परत द्यायला चार महिने लागले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चिंकी', 'चायनीज' असले शब्द आले की मी तिथेच लिहू लागले, हे चालणार नाही. दोन शेजारणींनी माझ्याशी बोलणं सोडलं. एकीने अजून धरलेलं नाही. त्याचं वाईट वाटतं, एकवीस वर्षांची ओळख होती.

गेटवरची सही थांबली त्याबद्दल मी त्या मुलींना काही सांगायला गेले नाही. दादाने बजावलं होतं, पावती मागायला जाऊ नका.

नोव्हेंबरात, एका सकाळी, ती स्वतः आली. नाइट करून, डोळे सुजलेले. "आंटी, रजिस्टर आपने बंद कराया?" मी हो म्हटलं आणि लगेच जोडलं की आधी दोन वर्षं त्यावर सहीही मीच केली होती, त्याबद्दल माफ कर. ती आत येऊन बसली. बराच वेळ गेला. मग बोलायला लागली. मी घड्याळ बघितलं नाही, पण कुकरच्या शिट्ट्या होऊन गॅस बंद करायला मी एकदाच उठले आणि उठण्याआधी तिला सांगून उठले, एवढं आठवतं.

तिने २०२० सांगितलं. दिवसभर रुग्णांची सेवा करून परत येताना बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची. एकदा एकाने चालत्या मोटारसायकलवरून तिच्या अंगावर थुंकलं. आणि मग म्हणाली, "उस दिन आपने पार्किंग में कुछ बोला था. मराठी तब नहीं आती थी मुझे. वो शब्द याद रखे और ऊपर जाके रूममेट से पूछा. बोली, मन पे मत लो. मैं रात भर सोचती रही आंटी, मन पे नहीं लूँ तो कहाँ लूँ?"

मला यावर उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. मी एवढंच म्हणाले, "मुझे उन बच्चों को रोकना चाहिए था."

तेव्हा ती रडली. मी विचारलं, झोप लागते का? मे महिन्यापासून सलग तीन तासांच्या वर नाही. जेवण? डब्यातलं परत आणते. मग घोटून घेतलेला प्रश्न विचारला, सरळ, हिंदीत. माझ्या छातीत धडधडत होतं. ती म्हणाली, "कभी कभी. नाइट में, जब वॉर्ड शांत होता है." मग मी पुढचंही विचारलं, कसं करायचं ते ठरवलं आहेस का? नाही, तसं नाही. मी सांगितलं की हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही, पण मी इथून हलणार नाही. तिच्याच फोनवरून, स्पीकर लावून, आम्ही १४४१६ लावला. पलीकडची बाई शांतपणे बोलली. चार दिवसांनी सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. ती आत, मी बाहेर बाकावर. केसपेपर माझ्या हातात नव्हता, तिच्या हातात होता. हेही शिकवलेलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या, तीन आठवडे ती नियमित होती, मग एकदम बंद केल्या, माझा फोन उचलेना. मी दोनदा मेसेज केला, 'मी आहे', आणि थांबले. पूर्वीची मी दारावर जाऊन धडकले असते. दहा दिवसांनी ती परत आली.

याच काळात माझ्या हातून मोठी चूक झाली. दुसऱ्या एका फ्लॅटमध्ये मणिपूरचंच एक कुटुंब होतं. मला वाटलं, एकमेकांचा आधार होईल. दोघांना न विचारता एकाच संध्याकाळी चहाला बोलावलं. दारात एकमेकांना बघून दोघंही थिजले. पाच मिनिटांत उठले. नंतर ती म्हणाली, "आंटी, उनके भी घर जले हैं, हमारे भी. अभी नहीं." त्या हिंसाचारात ती दोन घरं दोन बाजूंची होती. मला सगळे एक वाटले. आठ राज्यं, शेकडो समाज आणि भाषा, आणि माझ्या डोक्यात एकच खोका होता, 'ईशान्येकडचे'. चेहरे सारखे दिसतात म्हणणाऱ्या त्या सभासदावर मी बैठकीत आवाज चढवला होता. दादाला हे सांगताना मला लाज वाटली. त्याने फक्त विचारलं, "दोघांची वेगवेगळी माफी मागितलीत का?" तोवर नव्हती मागितली. मग मागितली.

पार्किंगमध्ये ओरडलेला तो मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. गेल्या वर्षी मी त्याला घरी बोलावून ती संध्याकाळ सांगितली. तो गोंधळला. "काकू, खरंच? मला आठवतच नाही." खोटं बोलत नव्हता. त्याला आठवत नव्हतं. मी म्हणाले, तिला रंगसुद्धा आठवतो, तू निळा टीशर्ट घातला होतास. तो खाली बघत राहिला. पुढे काय केलं ते त्याचं त्याला माहीत, मी विचारलं नाही.

ती अजून इथेच आहे. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होत आली आहेत, झोप बरी आहे. मे महिना जवळ आला की बिनसतं, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही, म्हणून एप्रिलमध्येच आम्ही दोघी डॉक्टरांची तारीख घेऊन ठेवतो. गुरुवारी तिला सुट्टी असली की गच्चीवर दोन खुर्च्या टाकतो. कधी ती बोलते, कधी नुसतेच कपडे वाळत असतात आणि आम्ही बसलेल्या असतो.

येत्या १ तारखेला बी विंगमध्ये अरुणाचलची दोन मुलं राहायला येताहेत. गेटवर गेल्या आठवड्यात नवे वॉचमन आले आहेत. त्यांच्याशी उद्या सकाळीच बोलायचं आहे.